सामाईक आणि खासगी : संगणकाच्या स्मृतीविषयी चार शब्द

न्यासाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही काही लिहावे अशी विश्वस्त मंडळींची इच्छा दिसली, तेव्हा शिक्षणाचे महत्त्व किंवा समाजसेवेचे मोल अशा एखाद्या विषयावर चार पाने लिहिणे अवघड नव्हते. परंतु त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी मंडळी या अंकात लिहितीलच. आम्ही पडलो शाळामास्तर. ज्याची लोकांना उगीच भीती वाटते ते सोपे करून सांगणे हाच आमचा धंदा. म्हणून आम्ही विषय निवडला तो संगणकाच्या स्मृतीचा. त्यातही एकाच वेळी अनेकांनी वापरायच्या स्मृतीचा.

असा विषय या अंकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण आपल्या घरांतच आहे. बासर येथे २००८ साली राजीव गांधी युनिव्हर्सिटी ऑफ नॉलेज टेक्नॉलॉजीज सुरू झाली. लोक तिला बासरची ट्रिपल-आयटी म्हणतात. २०१६ च्या जिल्हाविभाजनात बासर निर्मल जिल्ह्यात गेले खरे, पण आपल्या मुलांना ते परके झाले नाही. कोणी तेथे, कोणी हैदराबादला, कोणी पुण्या-नांदेडला संगणकशास्त्र शिकतो. सुटीत घरी आला की वडील विचारतात, "सध्या काय चालले आहे?" मुलगा सांगतो, "मल्टिथ्रेडिंग." वडील मान डोलावतात आणि संभाषण तेथेच संपते. ते पुढे चालावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय वाटतो तितका परका नाही. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक खाते यांचे व्यवहार आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत.

अनेक हात, एकच काम

संगणकात हिशेब करणारा भाग निराळा आणि आकडे ठेवण्याची जागा निराळी. या जागेला मेमरी, म्हणजे स्मृती म्हणतात. भिंतभर खणांचे कपाट डोळ्यांपुढे आणावे. प्रत्येक खणाला क्रमांक, प्रत्येक खणात एक आकडा. हिशेबनीस खणातून आकडा काढतो, त्यावर क्रिया करतो आणि परत ठेवतो. सारा संगणक म्हणजे एवढेच. फक्त हे काम तो एका सेकंदात अब्जावधी वेळा करतो.

पूर्वी घरगुती संगणकात असा हिशेबनीस एकच असे आणि कारखानदार दरसाल त्याची गती वाढवीत. २००५ च्या सुमारास या वाढीला खीळ बसली. गती वाढविली की उष्णता वाढे, आणि ती उष्णता बाहेर काढणे जमेना. तेव्हा एकाच हिशेबनिसाला आणखी पळविण्याऐवजी दोन, चार, आठ हिशेबनीस शेजारी शेजारी बसविण्याचा मार्ग धरला गेला. त्यांना 'कोअर' म्हणतात. आज आपल्या खिशातील साध्या भ्रमणध्वनीतही बहुधा आठ कोअर असतात.

पण आठ माणसे नेमल्याने काम आठपट होत नाही, हे ज्याने लग्नघरी वाढप पाहिले आहे त्याला सांगावयास नको. काम वाटून द्यावे लागते. प्रोग्राममधील कामाच्या अशा प्रत्येक स्वतंत्र ओळीला इंग्रजीत 'थ्रेड' म्हणतात. थ्रेड म्हणजे धागा. कापसाच्या मुलखातील आम्हा लोकांना हा शब्द आवडण्याजोगा आहे. एकाच प्रोग्राममधील सर्व धागे त्याच एका कपाटातील खण वापरतात. येथूनच आपला प्रश्न सुरू होतो : कोणता खण सर्वांचा आणि कोणता ज्याचा त्याचा?

बाजारातील तीन वस्तू

आदिलाबादच्या कापूस बाजाराचे उदाहरण घेऊ. समजा, हंगामात आवारात आठ काटे लागले आहेत. प्रत्येक काट्यावर एक तोलणारा आहे. गाड्यांची रांग मोठी असल्याने आठही काटे एकाच वेळी चालू आहेत. हे आठ काटे म्हणजे आठ धागे. आता या ठिकाणी लिहिलेले आकडे कोणकोणते, ते पाहू.

पहिला आकडा भावाचा. समजा, तो सकाळी ठरून मोठ्या फळ्यावर लिहिला गेला. आठही तोलणारे तो वाचतात, कोणी बदलत नाही. असा आकडा सामाईक ठेवण्यात कसलाही धोका नाही. हजार माणसांनी फळा वाचला म्हणून फळा झिजत नाही.

दुसरा आकडा गाडीच्या वजनाचा. तिसऱ्या काट्यावर चढलेल्या गाडीचे वजन तिसऱ्या तोलणाऱ्याच्या पावतीवर लिहावयाचे. त्याच्याशी पाचव्या काट्याचा संबंध नाही. हा आकडा खासगी. आठही जण एकाच कागदावर आपापल्या गाडीचे वजन लिहू लागले, तर कोणाचा कापूस कोणाच्या नावावर जाईल याचा नेम नाही.

तिसरा आकडा दिवसभराच्या एकूण आवकेचा. हा सर्वांचा आहे आणि तो सर्वांना बदलावाही लागतो. सगळी गोम येथे आहे.

समांतर प्रोग्राम लिहिणाऱ्याने पहिल्याने हेच करावयाचे असते : प्रत्येक आकड्यासमोर उभे राहून विचारावयाचे, तू केवळ वाचला जाणारा, एकाच्या मालकीचा, की सर्वांनी बदलावयाचा? सी आणि फॉरट्रान या भाषांत असे प्रोग्राम लिहिण्यासाठी 'ओपन-एमपी' नावाची एक सर्वमान्य पद्धत आहे. तिचे नियम फॉरट्रानसाठी १९९७ साली आणि सी भाषेसाठी १९९८ साली प्रथम प्रसिद्ध झाले. तीत 'शेअर्ड' म्हणजे सामाईक आणि 'प्रायव्हेट' म्हणजे खासगी असे लिहून ही वाटणी करता येते.

त्या पद्धतीतील एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वाटणी होण्यापूर्वीपासून जे खण होते आणि ज्यांच्याविषयी काहीच सांगितले नाही, ते सर्वसाधारणपणे सामाईक धरले जातात. वाटणीपत्रात नोंदायचे राहून गेलेले भांडे जसे चारही भावांचे राहते आणि पुढे भांडणाचे मूळ होते, तसेच हे. म्हणून चांगले शिक्षक विद्यार्थ्यांना सांगतात की, प्रोग्रामला अशी आज्ञा द्या की, "मी न सांगता काहीही गृहीत धरू नकोस." तशी सोय त्या पद्धतीत आहे. मग एकही खण नोंदायचा राहिला तर भाषांतर करणारा प्रोग्राम पुढेच जात नाही. सुरुवातीला त्रास होतो, पण शेवटचा तंटा वाचतो.

खासगी खणाचाही एक नियम आहे. धाग्याला 'प्रायव्हेट' म्हणून जो खण मिळतो तो कोरा मिळेल अशी हमी नसते. त्यात आधीचा कचरा असू शकतो. पाटी हाती घेतली की आधी पुसावी, मग लिहावे. आणि सुरुवातीचा आकडा बरोबर न्यावयाचा असेल तर 'फर्स्टप्रायव्हेट' असे सांगावे लागते. म्हणजे सकाळचा भाव प्रत्येकाच्या पावतीपुस्तकावर आधी उतरवून मग काटा सुरू करावयाचा.

चोर नाही, तरी तूट

आता तिसऱ्या आकड्याकडे वळू. समजा, एकूण आवक एका फळ्यावर मांडली आहे आणि नियम असा की, गाडी तोलून झाली की तोलणाऱ्याने फळ्यापाशी जावे, तेथील आकडा वाचावा, त्यात आपले वजन मिळवावे, जुना आकडा पुसून नवा लिहावा. फळ्यावर ५०० क्विंटल आहेत. पहिल्या काट्यावर १२ क्विंटल तोलले गेले, दुसऱ्यावर १८. दोघेही एकदमच फळ्यापाशी आले. पहिल्याने वाचले ५००, दुसऱ्यानेही वाचले ५००. दोघांनी मनात बेरीज केली. पहिल्याने लिहिले ५१२. दुसऱ्याने ते पुसून लिहिले ५१८.

वास्तविक ५३० व्हावयास हवे होते. १२ क्विंटल कापूस हिशेबातून नाहीसा झाला. कापूस कोणी नेला नाही, खोटे कोणी लिहिले नाही, बेरीज कोणाची चुकली नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि फळा चूक. दुसऱ्याने आधी लिहिले असते आणि पहिल्याने नंतर, तर फळ्यावर ५१२ राहिले असते आणि तूट १८ ची आली असती. दोघे एकामागून एक आले असते, तर तूटच आली नसती.

उत्तर कोण आधी पोहोचला यावर अवलंबून राहते, म्हणून या दोषाला 'रेस कंडिशन', म्हणजे शर्यतीची अवस्था म्हणतात. संगणकात "या आकड्यात एक मिळव" ही आपल्याला एक वाटणारी क्रिया आत तीन क्रियांची असते : वाच, मिळव, लिही. या तिहींच्या मध्ये दुसरा धागा शिरला की तूट आलीच. दोन धाग्यांना एकाच सामाईक खणात दहा-दहा लाख वेळा एक मिळविण्यास सांगावे आणि कोणतीच काळजी घेऊ नये. वीस लाखांऐवजी बहुधा कमीच आकडा येतो, आणि पुन्हा केले तर निराळाच येतो.

या दोषाचा सर्वांत वाईट गुण म्हणजे तो गुपचूप राहतो. दहादा तपासावे तर दहादा उत्तर बरोबर येते, आणि अकराव्यांदा, नेमक्या गर्दीच्या दिवशी, चुकते. मग आळ येतो तो त्या दिवशी फळ्यापाशी असलेल्या प्रामाणिक माणसावर. खरा दोष पद्धतीचा असतो.

हा केवळ हिशेबाचा खेळ नाही. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे थेरॅक-२५ नावाच्या, कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या यंत्राने सहा रुग्णांना मर्यादेच्या कित्येक पट किरणांचा मारा दिला. त्यांतील काही दगावले. चौकशीत जे दोष सापडले त्यांत एक हाच होता. यंत्रातील प्रोग्रामची निरनिराळी कामे एकाच सामाईक स्मृतीतून बोलत होती आणि त्यांच्यात पाळी ठरलेली नव्हती. यंत्र चालविणाऱ्या व्यक्तीने टंकलेली चूक काही सेकंदांत दुरुस्त केली, की ती पडद्यावर दिसे, पण आतल्या एका कामाला कळत नसे. हळू टंकणाऱ्याच्या हातून अपघात होत नसे. कामात तरबेज झालेल्याच्या हातून होई. आधीच्या यंत्रांत अशा वेळी किरण रोखणारी यांत्रिक अटकाव-व्यवस्था होती. या यंत्रात ती काढून सारा भरवसा प्रोग्रामवर टाकला होता.

तसेच १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. त्याची कारणे अनेक होती. तारा झाडांना लागल्या हे त्यांपैकी एक. परंतु ओहायो राज्यातील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारा प्रोग्राम दुपारी गुपचूप बंद पडला होता आणि तासाभराहून अधिक काळ कोणाला पत्ता नव्हता. दोन कामांना एकाच सामाईक माहितीत एकदम लिहिण्याची वाट मिळाली होती. तोपर्यंत तो प्रोग्राम निरनिराळ्या ठिकाणी मिळून तीस लाखांहून अधिक तास बिनतक्रार चालला होता. "आजवर कधी चुकले नाही" हे वाक्य या विषयात पुरावा म्हणून चालत नाही, ते यामुळे.

गोळा आणि कुलूप

यावर पहिला उपाय आपल्या रेल्वेने फार पूर्वीच योजला होता. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून स्टेशनमास्तर चालकाला वेताच्या कड्यात अडकविलेला एक धातूचा गोळा देत असे. गोळा हाती असेल तरच पुढच्या स्टेशनापर्यंत जावयाचे. एका टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा यंत्रातून बाहेर निघे. म्हणून त्या टप्प्यात गाडीही एकच. आमच्या पिढीने धावत्या गाडीतून ते कडे झेलले जाताना पाहिले आहे.

संगणकातही असाच गोळा करता येतो. त्याला 'लॉक' म्हणजे कुलूप म्हणतात. ज्याच्या हाती किल्ली त्यानेच फळ्यापाशी जावयाचे. वाचणे, मिळविणे, लिहिणे हे तिन्ही पुरे करून किल्ली परत ठेवावयाची. तोवर इतरांनी थांबावयाचे. नेदरलँड्सचे गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी व उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनीच पुढे आणलेल्या दुसऱ्या एका साधनाचे नाव 'सेमाफोर' असे आहे. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा सिग्नलच.

कुलपाने हिशेब बरोबर येतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. एक किंमत रांगेची. अमेरिकेचे संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ साली याचा विचार मांडला. समजा, एकट्याने १०० मिनिटे लागतील असे काम आहे. त्यातील १० मिनिटांचे काम कुलपाच्या खोलीत, एका वेळी एकानेच करावयाचे आहे. बाकीचे ९० मिनिटांचे काम १० जणांत वाटले तर ते ९ मिनिटांत होईल. एकूण १९ मिनिटे. म्हणजे माणसे दहापट झाली, पण काम सव्वापाचपटच झाले. हजार माणसे लावली तरी ती १० मिनिटे चुकत नाहीत. दहापटीच्या पुढे जाता येत नाही.

दुसरी किंमत अडवणुकीची. कचेरीत एकाने वही घेतली आहे आणि तो शिक्क्याची वाट पाहतो आहे. दुसऱ्याने शिक्का घेतला आहे आणि तो वहीची वाट पाहतो आहे. दोघेही सभ्य, दोघेही सोडीत नाहीत, आणि कचेरी सुटेपर्यंत काम होत नाही. याला 'डेडलॉक' म्हणतात. उपाय साधा आहे : आधी वही, मग शिक्का, असा क्रम सर्वांनी पाळावयाचा. कोणीही उलट क्रमाने मागावयाचे नाही.

आपापली पाटी

कुलपापेक्षा चांगला उपाय बाजारातील जाणता माणूस न शिकविता सांगेल : प्रत्येक तोलणाऱ्याने सारखे फळ्याकडे धावावेच कशाला? त्याने आपल्या पाटीवर आपल्या काट्याची बेरीज ठेवावी. संध्याकाळी काटे बंद झाले की आठ पाट्या एकत्र आणाव्यात आणि एकदाच बेरीज करावी. दिवसभरात शेकडो वेळा फळ्यापाशी होणारी गर्दी आठ वेळांवर येते, आणि मधल्या वेळी कोणी कोणाची वाट पाहत नाही.

ओपन-एमपीत याला 'रिडक्शन' म्हणतात. प्रोग्राममध्ये एवढेच सांगावयाचे की, ही बेरीज सर्वांची आहे. मग प्रत्येक धाग्याला शून्यापासून सुरू होणारी खासगी पाटी आपोआप मिळते आणि अखेरीस सर्व पाट्यांची बेरीज सामाईक खणात जमा होते. शेवटची बेरीजही एकट्याने करावयास नको. आठ पाट्यांच्या चार जोड्या, चारांच्या दोन, दोहोंची एक, अशी तीन फेऱ्यांत ती पुरी होते. एकट्याला सात वेळा मिळवावे लागले असते.

म्हणजे सामाईक आकडा नाकारावयाचा नाही. काम करताना खासगी राहावयाचे आणि ठरलेल्या वेळी सामाईकात भर घालावयाची, हे त्यातले मर्म आहे. त्या ठरलेल्या वेळेलाही नाव आहे. सर्व धागे येऊन पोहोचेपर्यंत कोणी पुढे जावयाचे नाही, अशा थांब्याला 'बॅरिअर' म्हणतात. आमच्या शाळेची घंटा हेच काम करते.

घंटेची गरज आणखी एका कारणाने आहे. प्रत्येक कोअरजवळ एक लहान, चपळ स्मृती असते; तिला 'कॅश' म्हणतात. मोठ्या कपाटातून वाचलेल्या आकड्याची नक्कल तो तेथे ठेवतो. कधी तर भाषांतर करणारा प्रोग्रामच तो आकडा कपाटात न ठेवता हाताशी धरून ठेवतो. त्यामुळे योग्य ती ताकीद दिलेली नसेल, तर एका धाग्याने केलेला बदल दुसऱ्याला केव्हा दिसेल याची हमी राहत नाही. दुपारी फळ्यावरचा भाव बदलला आणि एखादा तोलणारा सकाळी टिपलेल्या भावानेच पावत्या फाडीत राहिला, तर शेतकऱ्याचे नुकसान ठरलेले. ठराविक वेळी घंटा व्हावी, सर्वांनी मान वर करून फळा वाचावा आणि मग पुढे चालावे.

या कॅशमुळे होणारा एक गमतीदार घोटाळाही सांगून ठेवतो. ती एकेक आकडा नेत नाही, शेजारच्या आकड्यांचे पानच्या पान नेते. आजच्या बहुतेक यंत्रांत हे पान ६४ बाइटचे असते. दोन धाग्यांच्या खासगी पाट्या योगायोगाने एकाच पानावर आल्या, तर हिशेब बरोबर येतो पण काम रखडते. दोन शिक्षक एकाच गुणपत्रकावर आपापल्या विषयाचे रकाने भरीत असले म्हणजे जे होते तेच. रकाने वेगळे, पण पान एक. एकाने लिहावयाचे तर दुसऱ्याने हात उचलावयाचा. या 'फॉल्स शेअरिंग'वर इलाज एवढाच की, पाट्या जरा लांब लांब ठेवाव्यात.

वेगळ्या चुली

एकत्र कुटुंबात धान्याची कोठी एक असते. भाऊ वेगळे झाले म्हणजे कोठ्या वेगळ्या होतात, आणि मग एकाला दुसऱ्याचे काही हवे असेल तर निरोप धाडावा लागतो. संगणकातही हा दुसरा मार्ग आहे. प्रत्येक हिशेबनिसाला स्वतःची स्मृती द्यावयाची, सामाईक काहीच नाही. लागेल ते निरोपाने मागावयाचे.

या मार्गाचा आपल्या देशातील पहिला मोठा प्रयोग पुण्यास झाला. १९८० च्या दशकात मोठे संगणक परदेशांतून मिळविणे भारताला कठीण जात होते. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ साली तिने परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्यात ब्रिटनमध्ये बनणारे 'ट्रान्सप्युटर' नावाचे लहान संगणक जोडलेले होते. प्रत्येकाची स्मृती स्वतःची, आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी प्रत्येकाला चार तारा. एकेक यंत्र साधेच, पण अशी ६४ एकदिलाने चालली म्हणजे मोठ्या यंत्राचे काम करीत.

आजच्या महासंगणकांत दोन्ही पद्धती नांदतात. एका घरातील धागे सामाईक स्मृती वापरतात आणि घराघरांत निरोप चालतात. आपल्या शेतकऱ्यांशी याचा थेट संबंध आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०१८ साली प्रत्यूष आणि २०२४ साली अर्क हे महासंगणक हवामानाच्या अंदाजासाठी आले. या संस्थेने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. पूर्वीच्या प्रतिमानात सुमारे १२ किलोमीटर बाजूचे चौकोन कल्पिलेले असत. या पद्धतीत ते ६ किलोमीटरचे आहेत. बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट होतात, आणि निदान तितके काम वाढते.

ते काम कसे वाटतात? नकाशाचे तुकडे करून प्रत्येक गटाला एकेक तुकडा देतात. त्या तुकड्यातील हवा, उष्णता, बाष्प हे सारे त्या गटाचे खासगी. पण ढग हद्द ओळखत नाहीत. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यावर जे आहे ते तासाभराने आदिलाबादवर येणार. म्हणून प्रत्येक गट शेजारच्या तुकड्याच्या काठावरच्या आकड्यांची एक नक्कल आपल्या बांधालगत ठेवतो आणि हिशेबाच्या प्रत्येक पावलानंतर ती निरोपाने ताजी करून घेतो. एखाद्या फेरीत ती नक्कल शिळी राहिली, तर पुढचे सारे पाऊल चुकीच्या आकड्यांवर पडेल. मृगात पेरलेले सरकी-बियाणे पावसाअभावी जळाले आणि दुबार पेरणी करावी लागली म्हणजे घराचे काय होते, हे या जिल्ह्यात कोणाला सांगावयास नको. अंदाज चुकण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि निसर्ग कोणाचा बांधील नाही. परंतु निदान आकड्यांच्या वाटणीत घोळ होऊन तो चुकू नये, यासाठी कोठेतरी एखादी मुलगी किंवा मुलगा रात्री जागून हे खण तपासत असतो. उद्या ते आपल्याच गावचे असतील.

घरी करून पाहण्याजोगे

पालकांना आमची एक सूचना आहे. घरातील दोन मुलांना एक सामाईक पाटी द्या आणि दोन वाट्यांत मोजून साठ-साठ चिंचोके द्या. प्रत्येकाने एक चिंचोका बाजूला काढावा, पाटीवरचा आकडा वाचावा, पाठ फिरवून मनात एक मिळवावा, मग वळून जुना आकडा पुसून नवा लिहावा. दोघांनी एकाच वेळी आणि शक्य तितके घाईने. शेवटी पाटीवर १२० येतात का पाहा. मग एक चमचा ठेवा आणि सांगा, चमचा हाती असेल तोच पाटीपाशी जाईल. तिसऱ्या वेळी दोघांना दोन पाट्या द्या आणि शेवटी बेरीज करा. तिन्ही वेळा लागलेला वेळ आणि आलेला आकडा लिहून ठेवा. विजेची गरज नाही, यंत्राची गरज नाही, आणि सुटीत आलेल्या थोरल्या मुलाला विचारण्यासारखे प्रश्न त्यातून आपोआप सुचतील.

सामाईक मालमत्तेला आपण भीत नाही. विहीर सर्वांची असते आणि पोहरा ज्याचा त्याचा. मशिदीचा हौद सर्वांचा असतो आणि बधना एका वेळी एकाच्या हाती. बिघडते ते सामाईक काय आणि खासगी काय हे न ठरविता कामाला लागल्याने, आणि मग तूट आली की माणसाकडे बोट दाखविल्याने. या न्यासाचे खाते पंचवीस वर्षे अनेक हातांनी लिहिले गेले आहे. ते पुढे लिहिणारे हात आपल्या मुलांचे असणार, आणि त्यांतील कित्येक संगणकावर लिहिणार. त्यांनी पहिल्या पानावर वाटणी स्पष्ट लिहावी, पाटी पुसून काम सुरू करावे आणि घंटा होताच आपली बेरीज सर्वांच्या खात्यात आणून जमा करावी, एवढीच आमची त्यांना या महोत्सवाच्या निमित्ताने सदिच्छा.